भाच्याला मार्मोसेट घेऊन देण्याआधी

दादा, विट्यातल्या तुमच्या भाच्याला ऑनलाइन कुणी मार्मोसेट, म्हणजे ते पिटुकलं परदेशी माकड, विकतोय. 'परदेशी जनावर आहे, वनखात्याचा संबंध नाही, पक्कं बिल देतो' असं म्हणतोय, आणि तुम्ही विचारताय की बिल पुरेल का. नाही पुरणार. मी कराडचा, पण बावीस वर्षं मुंबईत कस्टम क्लिअरिंगच्या कामात काढली. विक्रीचं बिल पैसे पोचल्याची पावती आहे, बस्स. जनावर देशात कुठून शिरलं, याचा कागद वेगळा असतो.

वनखात्याची सबब पूर्वी खपायची. 2022च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि ती 1 एप्रिल 2023पासून लागू झाली. जगातली यच्चयावत माकडं-वानरं साइट्सच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या परिशिष्टात आहेत. साधा मार्मोसेट दुसऱ्यात, गिबन (बिनशेपटीचं वानर) पहिल्यात. बाळगायचं तर नोंदणी हवी. 2024च्या नियमांनुसार ती केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर होते, आणि हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवावं लागतं.

यावर विकणारा हमखास म्हणेल, 'जोडी 2020मध्येच जाहीर केलेली, ही तिचीच पिल्लं.' त्या साली केंद्राने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना स्वेच्छेने त्यांची माहिती द्यायची सवलत दिली होती आणि ठरलेल्या मुदतीत कागद मागितले जात नव्हते. त्याच आडोशाला चोरून आणलेलं पिल्लू घरचं म्हणून खपवणं सोपं जातं. मग जन्माची नोंद मागा. लगेच बोलणं बदलतं बघा!

अशी चोरटी माकडं-वानरं येतात कुठून? बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या चेक-इन बॅगांतून गिबनची पिल्लं सापडली आहेत. बॅगेत कोंबलेली, काही तर मेलेलीच. गिबनचं पिल्लू आईला बिलगून असतं, त्यामुळे ते काढायला बहुधा आधी आईलाच मारतात. पंचनामा, कस्टम कायद्याच्या 110 कलमाखाली जप्ती, प्रवाशाला अटक. जिवंत असेल ते ज्या विमान कंपनीने आणलं तिच्याकडेच परत पाठवणीसाठी देतात. तिथवर तग धरेलच असं नाही. कस्टमवाल्यांना बॅग सापडते, पाठवणारा मात्र बँकॉकमध्ये बसलेला असतो. म्हणून इथे गिऱ्हाईक तुटणं जास्त लागू पडतं, असं माझं मत.

मार्मोसेट मूळचा ब्राझीलचा. वजन पाव-अर्धा किलो, झाडाचा डिंक खातो, कुटुंबाच्या कळपाशिवाय राहात नाही. माणसाच्या ओठांवर तापाच्या पुळ्या (जर) येतात ना, त्यांच्या विषाणूने तो मरू शकतो. आणि भाचा त्याला खांद्यावर घेऊन रील काढणार!

अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर तो गेला समजा. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढून वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा, आणि भाच्याला म्हणावं, त्या माणसाला 'आता नको' एवढंच लिही, वाद घालू नकोस.