चाळीस लाखांत भाड्यानं देण्यासाठी घर घ्यायचंय आणि मुंबई सोडून स्थायिकही व्हायचंय. नाशिक, कोल्हापूर की संभाजीनगर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: कल्याणला भाड्यानं राहता, काम घरून चालतं, महिन्यातून दोनदा मुंबईच्या ऑफिसला तोंड दाखवावं लागतं, मुलगा चौथीत आहे आणि हातात चाळीस लाख आहेत. या तिनांपैकी एका गावी जायचं, तिथंच एक स्वस्तातला फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यायचा, म्हणजे भाड्यात घरखर्च निघेल.

आम्ही २०१७ साली डोंबिवली सोडून नाशिकला आलो. आल्यावर एक घर चुकीचं घेतलं, मग एक बरं घेतलं. तेवढ्या अनुभवावर सांगते. तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न घातलेत: आपण कुठं राहायचं, आणि भाडेकरू कुठं राहील. आम्हीही हीच गल्लत केली होती.

पहिलं घर आम्ही आग्रा हायवेला, शहराबाहेरच्या एका मोठ्या संकुलात घेतलं. वन बीएचके, सतरा लाख. बाल्कनीतून डोंगर दिसायचा, खाली बाग, वारा असा की दुपारी पंखा लागू नये. आम्हाला आवडलं म्हणजे भाडेकरूलाही आवडणार, असं आम्ही धरून चाललो. पण रिक्षा फाट्यावर सोडायची आणि पुढं दीड किलोमीटर पायपीट. डोंगर बघायला महिन्याचे सहा हजार कोण देणार? चौदा महिने घर रिकामं. वर महिन्याला बाराशे रुपये मेंटेनन्स आम्हीच भरत होतो. शेवटी सोळा लाखांना काढलं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली हे सगळं गेलं ते गेलंच.

विकायच्या सुमारास एकदा रात्री आठला तिथं गेले होते, तेव्हा खाली उभं राहून दिवे मोजले. आमच्या इमारतीत बहात्तर फ्लॅट, उजेड तेवीस घरांत. हे घेण्याआधी मोजायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी मी घरं बघायचीच बंद केली आणि भाडेकरू बघायला लागले. पाथर्डी फाट्याच्या आसपास, अंबडच्या कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळी, एका चहाच्या टपरीवर चार-पाच दुपारी बसले. आयटीआय झालेली, जळगाव-नंदुरबारकडची पोरं डबा हातात घेऊन यायची आणि निम्म्यांची बोलणी एकच: रूम. शेजारच्या किराणा दुकानाच्या शटरला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ‘रूम पाहिजे’च्या अकरा, ‘भाड्याने देणे आहे’ची एक, आणि तीही अर्धी फाडलेली. आमच्या त्या संकुलात बरोबर उलट होतं, प्रत्येक दुसऱ्या बाल्कनीला ‘देणे आहे’ची पाटी. तुम्ही ज्या गावात जाल तिथं आधी अशा चिठ्ठ्या वाचा. दलाल काय सांगतो ते नंतर ऐका.

त्या भागात वीस वर्षं जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला वन बीएचके डिसेंबर २०२० मध्ये एकोणीस लाखांना घेतला. तेव्हा सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नुसती जत्रा. बाथरूम, वायरिंग, रंग धरून एकूण एकवीस लाखांच्या आसपास पडलं. आठव्या दिवशी भाडेकरू आला. दिसायला ते घर अगदी सामान्य आहे, मी स्वतः तिथं राहणार नाही. आम्ही इंदिरानगरात राहतो, तेही भाड्यानंच. नातेवाइकांना हे अजून झेपलेलं नाही.

आता हिशेब, कारण ‘भाड्यात घरखर्च निघेल’ असं जे तुम्ही लिहिलंय तिथं जरा थांबायला हवं. आज भाडं साडेनऊ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख चौदा हजार. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा धरा, राहिले एक लाख साडेचार हजार. मेंटेनन्स बारा हजार, घरपट्टी साडेपाच हजार, आणि नळ, गळती, रंग मिळून सरासरी नऊ हजार. हातात येतात अठ्ठ्याहत्तर हजार. एकवीस लाखांवर हे पावणेचार टक्केही भरत नाहीत. तोच फ्लॅट आज अठ्ठावीसला जातो म्हणतात. सगळा खर्च धरून तुम्हाला तीस लाखांना पडला, तर तुमच्या हाती अडीच टक्क्यांपेक्षा थोडंसंच जास्त पडेल. बँकेची मुदत ठेव यापेक्षा बरी. भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात घरपट्टी वजा जाता तीस टक्के सरसकट वजावट मिळते, हा थोडा दिलासा. तेव्हा किंमत वाढेल ही आशा, आणि म्हातारपणी डोक्यावर छप्पर, यासाठी घेणार असाल तर घ्या. नुसत्या मासिक उत्पन्नासाठी नको.

गावांबद्दल. कोल्हापूर माझं माहेर, त्यामुळे जीव तिकडं ओढतो. तरीही तिथं घर बघताना ‘पूर येतो का?’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. ‘२०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं?’ असं विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ ला पुन्हा महापूर. माझ्या भावाच्या जिन्यात ती रेघ अजून आहे, त्यानं मुद्दाम तेवढीच भिंत रंगवलेली नाही. दुसरी बाजू अशी की ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकील आता तिथं येतात. कोरड्या भागात छोटं, चांगलं घर असेल तर असा भाडेकरू सोन्यासारखा. पण तुम्हाला महिन्यातून दोनदा मुंबई गाठायचीय, तेव्हा रात्रभराचा प्रवास अंगावर येईल.

संभाजीनगरला वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरात भाडेकरू शोधावा लागत नाही. राहायचं म्हटलं तर मात्र पाण्याचं बघा. कितीतरी भागांत नळाला वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदाच पाणी आलंय. फ्लॅट बघायला मे महिन्यात जा आणि टेरेसवरच्या टाक्यांपेक्षा खाली टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि तुमच्या भाड्यातून जातो.

नाशिक तुमच्या कामाला सोयीचं आहे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आहे, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून गाडीनं जाणाऱ्यांचा कसारा घाट चुकतो. पण सध्या इथला प्रत्येक दलाल २०२७ च्या सिंहस्थाच्या नावानं भाव सांगतोय, त्याला भुलू नका. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, भाडं दर महिन्याला लागतं. गोदावरीच्या काठाला घर बघत असाल तर पूररेषा तपासा, इथंही नकाशावर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) रेघ आहे.

घर ठरलं की कागद. नवीन असेल तर महारेरा क्रमांक (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा), जुनं असेल तर भोगवट्याचा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा), इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर नाही. पत्नीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती एप्रिल २०२१ पासून आली, माझी थोडक्यात हुकली.

आणि भाडेकरार. ‘स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी करू’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. करार नोंदलेला असला की मुदत संपल्यावर न जाणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. हल्ली एजंट घरी येऊन अंगठे घेतो, तासाभराचं काम. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही तेव्हाच देऊन टाका.

सोसायटीनं आमच्याकडून आधी महिन्याला पाचशे रुपये ‘भाडेकरू शुल्क’ मागितलं होतं. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आदेशाची झेरॉक्स सेक्रेटरींच्या हातात ठेवली, तेव्हा ते ऐंशी रुपयांवर आले. पण ‘बॅचलर नको’ या हट्टापुढं मी अजून हरतेच. पहिल्या वर्षी ठेवलेली चार पोरं वेळेवर भाडं द्यायची, घर स्वच्छ ठेवायची, तरी चौथ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या चपला खटकायच्या. घर घेण्याआधी सोसायटी कुणाला ठेवू देते, हे कमिटीला तोंडावर विचारा.

मी तुमच्या जागी असते तर मुलाच्या शाळेकडे बघून नाशिकला आधी वर्षभर भाड्यानं राहिले असते, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला असता, आणि मगच पंचवीसच्या आतलं काही बघितलं असतं. बाकीचे पैसे ठेवीत. यायचं ठरलं तर शनिवार-रविवारी येऊ नका, तेव्हा नुसत्या साइट-व्हिजिटच्या गाड्या दिसतात. मंगळवार-बुधवारी, शिफ्ट सुटायच्या वेळी पाथर्डी फाट्याला या. ती टपरी अजून आहे, किराणावाल्याच्या शटरवरच्या चिठ्ठ्याही.