बेळगावचे ४ लाख की कंपनीचे ३ लाख ४२ हजार?

प्रश्न : माझी मार्च २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६४ हजार किलोमीटर चाललेली. राहायला कोल्हापूरला, गाडीचा पहिला मालक मीच. जुन्या गाड्या ऑनलाइन विकत घेणाऱ्या एका कंपनीने आधी ३ लाख ८० हजारांपर्यंतचा आकडा दाखवला आणि घरी येऊन तपासणी केल्यावर ३ लाख ४२ हजारांवर आली. दुसरीकडे जाहिरातींच्या ॲपवर बेळगावचे एक गृहस्थ ४ लाख देतो म्हणतात. ३ लाख आत्ता देऊन गाडी लगेच न्यायची आणि उरलेला १ लाख आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) त्यांचं नाव चढल्यावर, अशी त्यांची अट आहे. माझं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. विमा पुढच्या महिन्यात संपतो. मिळालेल्या पैशांत ३ लाखांचं कर्ज घालून ऑनलाइनच २०२२ ची गाडी घेण्याचा विचार आहे. ५८ हजारांवर पाणी सोडू का?

उत्तर : बेळगावचा व्यवहार या अटींवर करू नका. पण कंपनीला आजच होकार देण्याचीही घाई नाही. आरसीवरचं बँकेचं नाव निघायला काही आठवडे जाणारच आहेत. तेवढ्या काळात कोल्हापुरातलाच ग्राहक शोधा, ३ लाख ८५ हजारांची जाहिरात लावा आणि ३ लाख ६५ हजारांच्या खाली उतरू नका. बँकेचं नाव निघेपर्यंत तसा ग्राहक मिळाला नाही, तर मग कंपनी.

आधी ४ लाखांचा आकडा नीट पाहू. दुसऱ्या राज्यात नेलेली गाडी तिथे १२ महिन्यांहून जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि कर्नाटकात नंबर घ्यायचा म्हणजे तिथला आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरणं आलं. म्हणजे हीच गाडी बेळगावच्या माणसाला कोल्हापूरच्या माणसापेक्षा महाग पडते, आणि तरी सगळ्यांत जास्त भाव तेच देत आहेत. त्यांना कराची कल्पना नसेल तर आरटीओत चौकशी केल्यावर ते भाव पाडतील. कल्पना असेल तर नाव बदलायची त्यांना घाई नसणार, कारण नाव बदलायला गेलं की कर भरावा लागतो. तुमचा लाख मात्र त्याच दिवसावर अवलंबून आहे. तारण नाही, व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही, असं १ लाखाचं कर्ज तुम्ही एका अनोळखी माणसाला देणार आहात. त्या गृहस्थांचा हेतू अगदी स्वच्छ असला तरी व्यवहाराची बांधणी तुमच्या विरुद्ध आहे.

यात लाखाहून मोठा धोका वेगळाच आहे. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, याला त्या व्याख्येत जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात हे अगदी स्पष्ट झालं. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे आणखी काही हातांतून गेली, २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. विमा चालू असेल तर अशी रक्कम बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. संपलेला असेल तर दावा थेट नोंदणीकृत मालकाच्या खिशावर येतो. तुमचा विमा पुढच्या महिन्यात संपतोय, हे इथे लक्षात घ्या.

परराज्यातल्या विक्रीत एक गैरसमज फार आढळतो. कोल्हापूर आरटीओकडून नमुना २८ ची एनओसी निघाली की आपण सुटलो, असं लोकांना वाटतं. एनओसी म्हणजे गाडी दुसरीकडे नोंदवायला आमची हरकत नाही, एवढंच. बेळगावच्या कार्यालयात नवीन नोंद होईपर्यंत मालक तुम्हीच राहता. गाडी दुसऱ्या राज्यात विकल्याची सूचना विक्रेत्याने ४५ दिवसांत द्यायची असते, त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत. ही सूचना तुम्ही वेळेवर दिलीत तरी नाव बदलण्याचं पुढचं काम घेणाऱ्याकडेच राहतं.

त्यांना गाडी खरोखर हवी असेल तर उलटा प्रस्ताव ठेवा. पूर्ण रक्कम त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यातून आधी, सह्या आणि एनओसीचा अर्ज एकत्र बसून, आणि गाडी एनओसी हातात आल्यावर. नाव बदलेपर्यंत त्यांना काही पैसे अडकवून ठेवायचेच असतील तर १०-१५ हजार ठेवू द्या, तेही लेखी तारखेसह. हे मान्य असेल तर ४ लाखांचा विचार करता येईल. मान्य नसेल तर ते ४ लाख कधी नव्हतेच.

आता कंपनीकडे वळू. कंपनी कमी पैसे देते त्यात तिचा नफा आणि गाडीच्या डागडुजीचा खर्च असतोच, पण त्यातला एक भाग तुम्ही जबाबदारी सोडवून घेण्यासाठी मोजत असता. म्हणून ती खरंच सुटते का, हे विचारायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांचा व्यापारी आरटीओकडून अधिकृत होऊ शकतो. त्याच्याकडे नमुना २९बी चं प्रमाणपत्र असतं. अशा व्यापाऱ्याला गाडी सोपवल्याची सूचना नमुना २९सी मध्ये ऑनलाइन दिली की तिथून पुढे गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक धरला जाणारा, तो, आणि काही झालं तर जबाबदारीही त्याची. कंपनीला दोनच गोष्टी विचारा : २९बी प्रमाणपत्र आहे का, आणि गाडी नेण्याच्या दिवशीच २९सी भरून त्याची पोच मिळेल का. नुसतं डिलिव्हरी लेटर देऊन गाडी नेणार असतील आणि तुमचं नाव पुढचा ग्राहक मिळेपर्यंत तसंच राहणार असेल, तर भावही कमी आणि धोकाही तुमचाच. त्या स्थितीत ३ लाख ४२ हजार हा वाईट सौदा आहे.

तपासणीनंतर आकडा ३८ हजारांनी का उतरला, याचा लेखी तपशील मागा. टायर, क्लच, पुन्हा रंगवलेलं पॅनेल, प्रत्येकाचे किती कापले ते कळलं की कोल्हापूरच्या ग्राहकाशी बोलतानाही ते हाताशी राहतं. सेवा शुल्क, आरसी हस्तांतरणाचं शुल्क आणि नाव बदलेपर्यंत रोखून ठेवायची रक्कम वजा करून खात्यात प्रत्यक्ष किती येणार, तोच खरा भाव. बाजार उतरण्याचं एक कारण मात्र रास्त आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच. त्यामुळे त्याआधीचे जुने भाव मनात धरून बसू नका.

या आठवड्यात सुरू करायचं काम म्हणजे आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेचं नाव, उतरवणं. बँकेची एनओसी आणि बँकेचा सही-शिक्का असलेला नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज), दोन प्रतींत, लागेल. कर्ज फिटलं तेव्हा एनओसी आली असेल तर तिची मुदत बघा. बऱ्याच बँका ९० दिवसांची मुदत छापतात. ती उलटली असेल तर नवी मागावी लागते. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो आणि ओटीपी वाहन नोंदीतल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुना नंबर बंद असेल तर तो आधी बदला. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. ई-चलन शिल्लक असतील ती भरून टाका. या सगळ्याने गाडीची किंमतही सुधारते, कारण बोजा असलेली आरसी पाहिली की जाणकार ग्राहक एक तर निघून जातो किंवा भाव पाडतो.

कोल्हापुरातला ग्राहक आला की क्रम असा ठेवा. चाचणीसाठी गाडी देताना त्याच्या लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी बसा. आरसी आणि आधारच्या प्रती देताना त्यावर 'फक्त गाडी विक्रीसाठी' आणि तारीख लिहून तिरकी रेघ मारा. ॲपच्या चॅटवर मूळ कागदांचे स्वच्छ फोटो टाकू नका. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्याशिवाय सही नको. एजंट 'कोऱ्यावर सह्या देऊन ठेवा, ग्राहक मिळाला की भरू' म्हणतात. कोऱ्या सह्यांवर गाडी चार हात फिरते आणि कागदावर मालक तुम्हीच राहता. डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही मिनिटासकट लिहा, शिवाय किलोमीटर, चासी आणि इंजिन नंबर. चलन त्या वेळेनंतरचं आहे की आधीचं, यावरच पुढचा वाद मिटतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पैसे घेण्याच्या टप्प्याची. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात स्वीकारता येत नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका असतो आणि तो घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही. म्हणून रक्कम आरटीजीएसने घ्या. पैसे आरसीवर ज्याचं नाव चढणार त्याच्याच खात्यातून यायला हवेत. 'भावाच्या खात्यातून टाकतो', 'पार्टनरकडून येतील' याला नाही म्हणा. ते पैसे एखाद्या सायबर फसवणुकीतले निघाले तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं आणि ते मोकळं करून घ्यायला महिने जातात. मोबाइलवर आलेला मेसेज किंवा समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मगच किल्ली द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. 'मी लष्करात आहे, बदली झाली आहे, गाडी न पाहताच घेतो, आधी हा कोड स्कॅन करा' ही फसवणूक जाहिरातींच्या ॲपवर वर्षानुवर्षं चालू आहे. कोणी फसवलंच तर पहिल्या तासात १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात.

विम्याबद्दल : गाडी विकायचीच आहे म्हणून विमा संपू देऊ नका. चालू विम्याशिवाय हस्तांतरण होत नाही आणि मधल्या काळातला अपघात थेट तुमच्यावर येतो. विकल्यावर तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर जातं. स्वतःच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करून घ्यायला घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीचा नसून तुमचा आहे. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्के असतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते ३ वर्षं वापरता येतं. पुढच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२ हजार असेल तर पहिल्याच वर्षी ६ हजार वाचतात.

विक्रीच्या रकमेवर आयकराची चिंता नको. घरच्या वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर कर नाही आणि तोट्याची वजावटही नाही.

आता ३ लाखांचं कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जात 'फक्त ८ टक्के' असं सांगितलं तर तो फ्लॅट दर (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज) आहे का, हे पहिलं विचारा. ८ टक्के फ्लॅटने ४ वर्षांचं व्याज ९६ हजार होतं, हप्ता ८,२५० रुपये. १३ टक्के घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज) तेच कर्ज घेतलं तर हप्ता सुमारे ८,०५० आणि व्याज सुमारे ८६ हजार. म्हणजे ८ पेक्षा १३ स्वस्त. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, तुलना त्याच आकड्याची करा. महिन्याला १०,१०० रुपये झेपत असतील तर मुदत ३ वर्षांवर आणा, १३ टक्क्यांनी व्याज सुमारे ६४ हजारांत आटोपतं. ही २२ हजारांची बचत तुमच्या पूर्ण हातात आहे, ग्राहकाच्या शब्दावर अवलंबून नाही. घ्यायच्या गाडीलाही आत्ता सांगितलेल्याच चाळण्या लावा : वाहन नोंदीत बोजा, मालकांची संख्या, थकलेली चलनं, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या, म्हणजे मीटर मागे फिरवलं असेल तर किलोमीटरचे आकडे जुळत नाहीत. गाडी प्रत्यक्ष पाहण्याआधी टोकन देऊ नका.

तुमची गाडी गेल्यावर फास्टॅग बंद करायला त्या बँकेला त्याच दिवशी कळवा आणि अनामत परत मागा, नाहीतर नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून कापला जात राहील. पुढचे दोन-तीन महिने अधूनमधून एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाच्या नावाची नोंद बदलली का ते पाहत राहा, आणि बदललेल्या नोंदीचा प्रिंट काढून डिलिव्हरीच्या पावतीला जोडून ठेवा.