वडिलांच्या संग्रहातल्या तीनशे ऑडिओ सीडी दर्जा न घटवता संगणकावर कशा उतरवाव्यात?

आपण लिहिले आहे की वडिलांच्या कपाटात शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीताच्या सुमारे तीनशे सीडी आहेत, त्यांतल्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या तर वाजत नाहीत, आणि आता एमपी३ (आवाजातला काही तपशील कायमचा गाळून लहान केलेली फाईल) करावे की फ्लॅक (काहीही न गाळता दाबलेली फाईल) हे ठरत नाही. माझ्याकडच्या पावणेतीनशे सीडींचे हे काम मी दोनदा केले आहे. पहिल्या खेपेला जागा वाचवण्याच्या नादात सगळे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३मध्ये उतरवले. पुढे बरे हेडफोन घेतल्यावर तंबोऱ्याचा नाद मातकट ऐकू येऊ लागला आणि सीडींची सगळी पेटी पुन्हा खाली काढावी लागली. म्हणून आपण थेट फ्लॅकच करावे, असे मी सुचवेन.

पेनड्राइव्हवर काहीच न वाजण्याचे कारण सोपे आहे. विंडोजमध्ये सीडी उघडल्यावर दिसणाऱ्या ‘सीडीए’ फाईली प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटच्या असतात आणि त्यांत गाणे डिस्कवर कुठे सुरू होते व किती वेळ चालते एवढीच नोंद असते. खरे संगीत फाईलच्या रूपात नसतेच. सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे म्हणजे नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावी व उजवी अशा दोन बाजू, असा तो सलग प्रवाह असतो आणि तासाभराला साधारण ६३५ एमबी जागा घेतो. फ्लॅक हा प्रवाह एकही बिट न गमावता दाबून ठेवतो, झिप फाईल ठेवते तसा. आकार बहुधा निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत उतरतो. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असतील तर आणखी खाली. तीनशे सीडींना सव्वाशे जीबी धरून चाला. फ्लॅकमध्ये फाईल किती दाबायची याच्या शून्यापासून आठपर्यंत पातळ्या असतात, त्यांचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नाही. पाच ठेवा आणि विसरून जा.

खरी मेख आहे ती डिस्क वाचण्यात. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटच्या खंडात २,०४८ बाइट माहितीला मिळतात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीवर मात्र तेवढी सगळी जागा संगीतच घेते. एक दुरुस्तीची व्यवस्था तिथेही असते, पण ओरखडा तिच्या आवाक्याबाहेरचा असला तर ड्राइव्ह मधले नमुने अंदाजाने भरतो आणि तसे सांगतही नाही. त्यामुळे नेहमीच्या प्लेयरमधल्या ‘रिप’च्या (सीडी उतरवण्याच्या) बटणावर विसंबू नये. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर ‘सिक्युअर’ पद्धतीने, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचून खात्री करणाऱ्या पद्धतीने, वापरावे. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर आहे. ही तिन्ही सॉफ्टवेअर आपल्या प्रतीची बेरीज (तिच्यातल्या सगळ्या बिटांवरून काढलेला पडताळ्याचा आकडा) अ‍ॅक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या सामायिक नोंदींशी ताडून पाहतात, म्हणजे जगात दुसऱ्या कोणी तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवली असेल आणि दोन्ही आकडे जुळले, तर आपली प्रत निर्दोष समजायला हरकत नाही. प्रत्येक ड्राइव्ह काही ठरावीक नमुने पुढे-मागे वाचतो. तो फरक सॉफ्टवेअर एखादी प्रसिद्ध सीडी घातली की स्वतःच शोधून काढते.

आपल्याकडच्या संग्रहात मात्र अशा पुष्कळ सीडी निघतात, ज्यांची नोंद कुठेच नसते. तिथे ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडून तीच सीडी दोनदा वाचावी आणि दोन्ही वेळचा सीआरसी हा पडताळ्याचा आकडा सारखा आला तरच पुढे जावे. माझ्याकडे आजोबांच्या कीर्तनाची एक सीडी होती, कॅसेटवरून घरी बर्न केलेली, वरच्या बाजूला बॉलपेनने तिथी लिहिलेली. ती ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा नेमक्या त्या अक्षरांच्या रेघांतून बारीक उजेड येत होता. सीडीचा चकचकीत थर लेबलच्या पातळ मुलाम्याखालीच असतो; खालच्या बाजूला मात्र सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक असते, त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरची खरवड अधिक घातक. लॅपटॉपच्या ड्राइव्हने ती सीडी ओळखलीच नाही. जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर वेग चारपटीवर आणून लावली, तेव्हा तीन तासांनी सोळापैकी चौदा ट्रॅक जुळले. उरलेले दोन गेले ते गेलेच. तेव्हा आपल्या कपाटातल्या घरगुती सीडी आधी हाती घ्या; कंपनीची सीडी उद्याही कुणाकडे तरी मिळेल. पुसायची झाल्यास मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल कधीही नाही.

ज्या सीडीवर पन्नास-साठ गाणी असल्याचे छापले आहे, ती बहुधा एमपी३ सीडी असते. तिच्या फाईली तशाच उचलून घ्याव्यात, त्यांचे फ्लॅक करून फक्त आकार वाढेल.

नावे भरण्यात उतरवण्याहून अधिक वेळ जातो. म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या संगीतसूचीवरून आपोआप येणारी नावे उपयोगी पडतात, पण एकाच गायिकेचे नाव एका सीडीवर ‘गंगूबाई हनगल’ आणि दुसरीवर ‘गंगुबाई हानगल’ असले की प्लेयर दोन गायिका दाखवतो. म्हणून सुरुवातीलाच एक यादी करून लेखन ठरवून टाका, ‘पंडित’, ‘विदुषी’ ही बिरुदे वगळा आणि रागासाठी वेगळा रकाना ठेवा. फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाईलच्या आत गायक, राग वगैरे लिहायच्या रकान्यांत) देवनागरी व्यवस्थित चालते. फाईलचे नाव तेवढे रोमन लिपीत ठेवा, कारण गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. बडा ख्याल आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तरी ते जोडू नयेत. मधे खंड न पाडणारा प्लेयर असला की फ्लॅकमध्ये सांधा ऐकू येत नाही.

सगळे झाल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फ्लॅक फाईलच्या पोटात मूळ ध्वनीची एमडी५ ही पडताळ्याची बेरीज साठवलेली असते, त्यामुळे वर्षाकाठी एकदा फ्लॅकची ‘टेस्ट’ आज्ञा सगळ्या फोल्डरवर चालवली की कोणती फाईल खराब झाली हे नावानिशी कळते आणि ती दुसऱ्या प्रतीवरून उचलता येते.