जुना ॲम्प्लिफायर, मेलेला आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका, मी जुळे सोलापूरला राहतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून सत्तरच्या दशकातला जपानी स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला. दिसायला एकदम भारी आहे, ॲल्युमिनियमचा फेस, जड नॉब. पाठीमागं १०० व्होल्ट लिहिलंय म्हणून इथंच एक ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. मोबाइलवरनं ऑक्सला गाणी लावतो, स्पीकर मामांचे जुने आहेत, ८ ओहमचे. पण आवाज अगदीच मेलेला, बास नाहीच म्हणा, आणि डावीकडनं कमी ऐकू येतं, कधी कधी जातंच आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतं. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात सगळे कपॅसिटर बदलावे लागतील. बदलू का विकून टाकू? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विकू नका, आणि कपॅसिटर पण इतक्यात बदलू नका. तुमचे मेकॅनिक चुकीचं सांगतायत असं नाही, पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात हे खरंच आहे, आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यांना आणखी लवकर म्हातारं करतो. पण तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एक नाहीत, तीन वेगवेगळ्या आहेत, बास नसणं, डावी बाजू कमी असणं आणि आवाज जाऊन परत येणं, आणि या तिन्हीचं कारण एकच असेल असं धरून आत हात घातला की चांगलं मशीन बिघडतं. आधी आवाज नेमका कुठं अडकतोय ते शोधा, त्याला पैसे लागत नाहीत.

बासपासून सुरू करू. दोन्ही स्पीकर चालू आहेत, गाणं ऐकू येतंय, पण बास गायब आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतोय, असं असेल तर एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी लागली असण्याची दाट शक्यता आहे. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ॲम्प्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या वायरी उलटा करा, दोन्ही स्पीकर जवळजवळ आणून मोनोचं बटण दाबून तेच गाणं ऐका. बास आला तर प्रश्न तिथंच मिटला. जुन्या स्पीकरवरच्या लाल-काळ्या खुणा पुसल्या असतील तर वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून बघा, पडदा बाहेर सरकला तर सेलचा प्लस ज्या टर्मिनलला होता ते प्लस.

तेवढ्यात स्पीकरची जाळी काढून पडद्याच्या कडेचं रिंगण पण बघून घ्या. त्या काळच्या बऱ्याच स्पीकरना फोमची कड असायची, ती वर्षांनी चिकट होते नाहीतर भुगा होऊन पडते, आणि मग कुठलाही ॲम्प्लिफायर लावा, बास येत नाही. कड गेली असेल तर नवीन कड चिकटवून मिळते, अख्खा स्पीकर टाकायची गरज नसते.

आता डावी बाजू. इथं मी सगळ्यांना अदलाबदलच सांगतो, कारण यात अंदाज लागत नाही, उत्तर मिळतं. ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी एकमेकांच्या जागी लावा. कमी आवाज त्याच खोक्यातून येत राहिला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. कमीपणा दुसऱ्या खोक्यात गेला तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी. मग स्पीकर तसेच ठेवून ऑक्सच्या लाल-पांढऱ्या पिना एकमेकांच्या जागी घाला. आता दोष बाजू बदलतो का बघा, बदलला तर मोबाइलची केबल खराब, नाही बदलला तर ॲम्प्लिफायर. केबल खराब निघाली असं फार वेळा होतं म्हणून हे आधी.

तुमचा आवाज जातो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो, यावरून मला वाटतं की कुठंतरी काँटॅक्टवर काट चढलाय. पहिला संशय स्पीकरच्या रिलेवर. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून टक असा आवाज येतो ना, तोच रिले, स्पीकर जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच. त्याच्या पॉइंटवर थर बसला की हळू आवाजात करंट पुढं जात नाही, आवाज वाढवला की जोर करून जातो. रिलेला पॉलिश पेपर मारू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि थोड्या दिवसांनी तेच दुखणं परत, त्यापेक्षा त्याच व्होल्टेजच्या कॉइलचा नवीन रिले बसवून घ्या, फार खर्च नाही. पण त्याआधी फुकटातलं करा. मशीन बंद ठेवून टेप मॉनिटर, मोनो, म्यूटिंग, लाउडनेस, फिल्टर, स्पीकर ए-बी, बॅलन्स, व्हॉल्यूम, एकूण एक बटण आणि नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा, दाबा, सोडा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली बटणं असतात ही. मग चालू करून ऐका. फरक पडला तर काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणून नीट साफ करून घ्या, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचाच आणा, बिजागरीला मारायचं तेल इथं चालत नाही, ते आत चिकटून धूळ धरून ठेवतं. लो फिल्टर नावाचं बटण दाबलेलं राहिलं असेल तर बास तिथंच कापला जातो, तेही बघा. आणि मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन (ॲम्प्लिफायरचा पुढचा आणि पॉवरचा भाग) यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या पिना असल्या तर त्या काढून पुसून घट्ट बसवा, एका बाजूची पिन सैल असली की हीच लक्षणं दिसतात.

स्टेपडाउनबद्दल थोडं जास्त सांगतो कारण याकडं कुणी बघत नाही. २३० चं ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लाइट २५० आली तर तो १२० च्या आसपास देतो, आणि तुमचं मशीन १०० चं आहे. लगेच काही होणार नाही पण आतल्या सगळ्या पार्टवर ताण येतो, गरम जास्त होतं. १०० व्होल्ट देणारा स्टेपडाउन मिळतो, नाहीतर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. दुसरं म्हणजे तो किती व्हीएचा, म्हणजे किती लोड झेपणारा, आहे ते बघा. मशीनच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात, त्याच्या दीडपट-दुप्पट तरी पाहिजे. छोटा असला तर गाण्यात ढोल-तबला आला की व्होल्टेज खाली बसतं आणि बास दबल्यासारखा येतो. हा खर्च मला कपॅसिटरच्या आधीचा वाटतो.

मोबाइलचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि त्यातलं इक्वलायझर बंद करा. जुन्या ॲम्प्लिफायरच्या ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट पुरतात, मोबाइल तेवढं आरामात देतो, त्यामुळं मोबाइल कमी पडतोय असं समजू नका.

एवढं सगळं करूनही आवाज पातळच राहिला, किंवा गाणं बंद असताना स्पीकरमधून घूं असा सतत आवाज येत असला, तर मग कपॅसिटरकडं वळा. घूं येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर, बास कमी असेल तर सिग्नलच्या वाटेतले छोटे, १ पासून १० मायक्रोफॅरडपर्यंतचे, ते स्वस्त असतात. मेकॅनिकला सांगा की व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, प्लस-मायनस बघून, आणि एका वेळी एकच बोर्ड, म्हणजे काही बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळतं. आत छोटे प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे नॉब, असतात, ते मीटर लावल्याशिवाय कुणालाही फिरवू देऊ नका, त्यावर आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट ठरतो. काम झाल्यावर स्पीकर न जोडता स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजायला सांगा, ५० मिलिव्होल्टच्या आत असलं की निर्धास्त व्हा, व्होल्टमध्ये आकडा आला तर मामांचे स्पीकर लावूच नका, कॉइल जळेल. आणि झाकण तुम्ही स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हात लावू नका.

एक शेवटचं, स्पीकर फरशीवर ठेवलेत का? शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की वरचे सूर आपटून परत येतात आणि आवाज कर्कश वाटतो. भिंतीला जाड सोलापुरी चादर टांगली तर ते कमी होतं, बास मात्र तिनं वाढत नाही. बाससाठी स्पीकर भिंतीजवळ सरकवून बघा, थोडं थोडं.

प्रश्न : आमच्याकडं अक्कलकोट रोडला शेजारीच पॉवरलूम आहे, ॲम्प्लिफायरच्या जाळीत कापसाचं तूस साचतं. काही होतं का त्यानं? – एक वाचक

उत्तर : होतं. तूस हीटसिंकच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीत बसलं की गरम हवा बाहेर पडत नाही, ट्रान्झिस्टर तापतात आणि आवाज फाटायला लागतो. प्लग काढून, मशीन थोडा वेळ तसंच ठेवून, मऊ ब्रश आणि ब्लोअरनं वरचेवर काढत जा. झाकून ठेवायचं तर बंद असतानाच झाका, चालू असताना वर कापड, पेपर, काहीही नको.

प्रश्न : काका, आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर ऑक्सला लावला तर आवाज बारीक आणि पातळ, फोनोला लावला तर फाटतो. कुठं लावू? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : त्याची सुई कुठल्या कार्ट्रिजची (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) आहे यावर सगळं आहे. मॅग्नेटिक असेल तर फोनोच बरोबर, कारण ती ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते आणि रेकॉर्डवर बास मुद्दाम कमी करून भरतात, तो फोनोचं सर्किट परत वाढवतं. पण तुमचा फोनोला फाटतोय म्हणजे बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असणार, आजोबांच्या पिढीच्या प्लेअरमध्ये तीच असायची. तिचं आउटपुट मोठं, फोनोला झेपत नाही, आणि ऑक्सचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) तिच्या मानानं फार कमी म्हणून बास पडतो. प्रत्येक बाजूला १ मेगओहम इनपुटचा छोटा बफर (मध्ये लावायचं साधं सर्किट) कुठलाही रेडिओ मेकॅनिक करून देईल, तो मध्ये लावा आणि प्लेअर ऑक्सलाच ठेवा.