लेवीयात अडकलास ना?

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

'ॲपवर रोजचं वाचन लावलं होतं, पण लेवीयातच अडकलो' हा तुझा मेसेज वाचून हसू आलं. वर्षभरात अख्खं बायबल संपवायला निघालेले बरेचजण लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात, तिथल्या होमार्पणांतच अडकतात. मीही दोनदा अडकले. एकूण 1,189 अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी साडेसहा. मग ती उपासना राहत नाही, थकलेला हप्ता होतो.

ते ॲप बंद कर आणि मार्क उघड. चारांत सगळ्यात छोटं शुभवर्तमान, 16 अध्याय. रोज सात-आठ वचनं पुरेत, पण तोंडाने वाच, आणि मराठीत. इंग्रजी तुला कळतं, पण आईशी भांडतोस मराठीत, तर देवाशीही त्याच भाषेत बोल. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या, ते उगाच नव्हे.

मार्कातली आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट मला संडे स्कूलपासून पाठ. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडून होते तेव्हा पुन्हा वाचली आणि एका शब्दाशी थांबले. येशूने बोलावल्यावर तो आंधळा भिकारी आपलं वस्त्र टाकून उठतो. हे फक्त मार्क सांगतो, मत्तय-लूकमध्ये नाही. अरे, भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे रात्रीचं पांघरूण! एवढ्या गर्दीत टाकलं तर न दिसणाऱ्या माणसाला ते परत सापडणार कसं? आठ दिवस मी त्या एका वचनापुढे गेले नाही. मी काय धरून बसलेय, हे मला चांगलं ठाऊक होतं. नवव्या दिवशी जावेला फोन लावला. तिनं उचलला नाही, तो विषय वेगळा.

पुढे येशू त्यालाच विचारतो, तुला काय हवंय? आंधळ्याला! तिथे पुस्तक मिटायचं आणि तोच प्रश्न आपल्याला विचारलाय असं समजून उत्तर द्यायचं. झाली प्रार्थना. सभेत करतात तसली लांबलचक, विशेषणांची नको. 'नोकरी हवी' तर 'नोकरी हवी' म्हण.

बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासी साधूने अशा वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी बसणं. आमच्या नगरच्या चर्चमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं. वसईच्या कॅथलिक मैत्रिणीने सांगितलं. चौथी पायरी सगळ्यात अवघड. मला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय आहे. दोन मिनिटं बसलास तरी पुष्कळ.

आणि काहीच वाटत नाही असे दिवस येतील, सलग येतील. तेव्हा ओढूनताणून उपकारस्तुती करू नकोस. स्तोत्र 88 वाच. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. वाच, मीट आणि कामाला जा.

उद्या मार्क 10, वचन 46 ते 52. तुझ्या आजीचं बायबल कपाटात वरच्या फळीवर असेल, ते काढ. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

तुझी,
आत्या