कॅम्पर ट्रेलर ओढायचाय? गाडी नंतर, आधी वजनाचा हिशोब

परभणीकर दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला जायचं ठरलंय, आईसह घरात पाच माणसं, तिथं सेकंडहँड टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड घ्यायची आणि शाळेच्या सुट्ट्यांत मागे कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेला ट्रेलर, लावून फिरायचं. गाडी १५०० किलो ओढते, कॅम्परही १५०० किलोचा बघून ठेवलाय. जमेल, की पिकअपच घ्यावी?

कागदावर जमतं. पाच माणसांसाठी मात्र हा जोड मी सुचवणार नाही, आणि का ते आकड्यांतच दिसेल.

पहिली खबरदारी: रॅव्ह-फोर हायब्रिडची १५०० किलोची क्षमता ऑल-व्हील-ड्राइव्ह मॉडेलची आहे. टू-व्हील-ड्राइव्ह हायब्रिड फक्त ४८० किलो ओढू शकते. सेकंडहँड बाजारात दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात आणि दिसायलाही सारख्याच. मॅन्युअल बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता ट्रेलरची प्लेट. तिच्यावर दोन आकडे महत्त्वाचे. टेअर म्हणजे रिकामं वजन, आणि एटीएम म्हणजे भरल्यावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. विकणारा टेअर सांगतो, हिशोब एटीएमचा करायचा असतो. टेअर ११५० आणि एटीएम १५०० असेल तर तुमच्या हातात ३५० किलो. त्यात पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ३५, जादा बॅटरी ३०, फ्रिज आणि आतलं सामान ५०, गाद्या-खुर्च्या-टेबल ६०, बाजूचा तंबू ३०, जॅक-पाने-पट्टे २५, भांडी आणि किराणा ३०. झाले ३४०. उरले दहा किलो, आणि पाच जणांचे कपडे अजून मोजलेच नाहीत.

गाडीकडून बघा. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, यायला हवा. १५०० ला १५० किलो. हा भार गाडी ओढत नाही, पाठीवर घेते, म्हणून तो गाडीच्या जीव्हीएममध्ये, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनात, मोजला जातो. गाडीची वाहायची क्षमता ४८० किलो धरली तर तीन मोठी माणसं २००, दोन मुलं ७०, टोबार (बॉल बसवलेला मागचा दांडा) २५, बॉलचे १५०. एकूण ४४५. डिकीत ठेवायला ३५ किलो शिल्लक. एक्स्प्रेसवेच्या चढावर हीच गाडी सतत शेवटच्या टोकाला चालणार.

पिकअपलाही आंधळेपणानं हो म्हणू नका. हायलक्स, रेंजरसारख्या डबल-कॅब गाड्यांवर ३५०० किलोचा आकडा मिरवतो, पण वर जीसीएम नावाची तिसरी मर्यादा असते: गाडी आणि ट्रेलर मिळून किती. समजा जीसीएम ५८५० आहे. मागे ३५०० लावले तर गाडीला २३५० उरतात. गाडीच २१०० ची असेल तर माणसं, टोबार, कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं छप्पर), डिझेलची जादा टाकी सगळं २५० किलोत बसवा. तुम्हाला एवढं लागणारच नाही. टोबार, बॉल, कपलिंग (बॉलवर बसणारं ट्रेलरचं टोक), गाडी, ट्रेलर या सगळ्यांच्या प्लेटांवर आकडे असतात आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा लागू होतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला: १६०० ते १८०० एटीएमचा कॅम्पर आणि तो ओढायला फोर्ड एव्हरेस्ट किंवा इसुझू एमयू-एक्ससारखी चासीवर बांधलेली एसयूव्ही. टोयोटा क्लुगर २००० किलोपर्यंत ओढते, पण जीव्हीएमचा हिशोब वरच्यासारखा स्वतः मांडून बघा.

वजन अंदाजानं सांगू नका. आपल्याकडे कारखान्यावर ऊस वजनकाट्यावर जातो तसे तिथंही पैसे भरून वापरता येणारे काटे आहेत. पाण्याची टाकी भरून, सगळी माणसं बसवून जा. आधी पूर्ण जोडी काट्यावर घ्या, हा आकडा जीसीएमशी ताडायचा. मग ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त गाडीची चाकं काट्यावर, हा जीव्हीएमशी. मग ट्रेलर सोडून एकटा, पुढच्या जॉकी व्हीलसकट (सोडलेला ट्रेलर टेकवायचं छोटं चाक), हा एटीएमशी. जोडलेल्या स्थितीत नुसत्या ट्रेलरच्या चाकांवर येणारं वजन या शेवटच्या आकड्यातून वजा केलं की बॉलवरचा भार निघतो.

हा भार कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि बऱ्याच अपघातांची सुरुवात इथं होते. सायकली मागच्या बंपरवर टांगणं ही नेहमीची चूक. बॉलपासून ॲक्सल ३ मीटर आणि ॲक्सलच्या मागे २ मीटरवर ४० किलोच्या सायकली असतील तर बॉलवरून जवळपास २७ किलो उचलले जातात. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढं असेल तर ती संपत जाईल तसा भार आणखी घटतो, म्हणजे निघताना ठीक असलेला ट्रेलर परतताना डुलू शकतो. जड सामान खाली आणि ॲक्सलच्या थोडं पुढं ठेवा. पाण्याची टाकी भरलेली तरी असावी किंवा रिकामी, अर्धी नको.

डुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि स्टेअरिंगनं त्याच्याशी भांडू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरनं हातानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून खेचला गेला की सरळ होतो. त्यासाठी कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी हवा, गुडघ्याखाली लपलेला नको.

ब्रेकचा नियम: ट्रेलरच्या चाकांवरचं कमाल वजन ७५० किलोपर्यंत असेल तर ब्रेक सक्तीचे नाहीत, ७५० ते २००० मध्ये निदान एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना हवेत, २००० च्या वर सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणाही. तुमच्या वजनात धक्क्यानं लागणारे ओव्हरराइड ब्रेक चालतात, पण घाटात आणि मातीच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक ब्रेकच बरे. कंट्रोलर बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगानं हातानं ट्रेलरचे ब्रेक लावून बघा. चाकं लॉक होत असतील तर जोर कमी करा, नुसतं कुरकुरत असतील तर वाढवा. सामान बदललं की हे पुन्हा करायचं.

टूवूंबाच्या उतारासारख्या ठिकाणी उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरला या. औट्रम घाटात भरलेले ट्रक उतरतात तसं, इंजिनावर. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात आणि खाली पोचेपर्यंत पॅडल नुसतं आत जातं.

ट्रॅक्टर-ट्रॉली चालवली असेल तर रिव्हर्स तुम्हाला जड जाणार नाही. स्टेअरिंगच्या तळाशी हात ठेवा, ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला हवं त्या बाजूला हात न्या. ट्रेलर जितका आखूड, तितका तो झटकन वळतो. कोन बिघडला की थांबून पुढं घ्या, ओढाताण केली तर बंपर आणि ड्रॉबार (ट्रेलरचा पुढचा दांडा) एकमेकांत घुसतात. ट्रॉलीच्या बाकीच्या सवयी मात्र इथंच सोडा. पिन टाकली आणि निघालो, हे चालत नाही. ट्रेलरला स्वतःची नोंदणी, नंबरप्लेट, ब्रेकलाइट, इंडिकेटर लागतात, आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसू शकत नाही. आई थकल्या तरी त्यांना गाडीतच झोपू द्या.

जोडताना क्रम ठरवून घ्या. चाकांना लाकडी ठोकळे, कपलिंग बॉलवर, लॅच बंद. मग जॉकी व्हील फिरवून ड्रॉबार थोडा वर उचला. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला तरच लॅच बसलंय. नंतर चेन खालून क्रॉस करून, वजनाचा आकडा छापलेल्या शॅकलनं, म्हणजे पिन लावायच्या कडीनं, अडकवा. बाजारातली साधी शॅकल धक्क्यात उघडू शकते. ब्रेकअवेची तार गाडीला बांधा, चेनला नको. प्लग लावा, जॉकी व्हील काढा, ट्रेलरचा हँडब्रेक सोडा, ठोकळे उचला, आणि कुणाला तरी मागं उभं करून सगळे दिवे बघा. हँडब्रेक तसाच राहिला तर थोड्या अंतरात ड्रम तापून ग्रीस वितळतं.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. प्रत्येक थांब्यावर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या. एका चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. बेअरिंगचा एक संच, ग्रीस आणि तो बसवायची अवजारं सोबत असू द्या, कारण आतल्या भागात पुढचं गॅरेज शेकडो किलोमीटरवर असू शकतं. टायरमध्ये हवा कमी असली की कडेची भिंत वाकून तापते आणि फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्याचे जादा आरसे लागतील.

हायवेवर रोडट्रेन, म्हणजे एकामागं एक ट्रेलर जोडलेले लांबलचक ट्रक, भेटतील, काही ५० मीटरहूनही लांब. बाजूनं जाताना त्या आधी ढकलतात आणि मग ओढतात, तेव्हा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा आणि अचानक ब्रेक मारू नका. तुमची जोडी ७.५ मीटरपेक्षा लांबच असणार, म्हणून गावाबाहेर दुसऱ्या लांब वाहनामागं निदान ६० मीटर, रोडट्रेनच्या भागात २०० मीटर अंतर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढताना कमाल वेग १०० आहे, फलक ११० चा असला तरी.

सेकंडहँड घेताना क्वीन्सलँडमध्ये ७५० ते ३५०० किलो एटीएमच्या ट्रेलरला सेफ्टी सर्टिफिकेट आणि आत गॅस असेल तर गॅसचं सर्टिफिकेट विकणाऱ्यानं द्यायचं असतं. हे दोन कागद आणि एटीएमची प्लेट समोर असल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नका. भारतीय लायसन्सवर तिथं सूट नाही, लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा द्यावी लागेल. ती पास होऊन रस्ते हाताखाली आले की आधी एका वीकेंडला कॅम्पर भाड्यानं घेऊन बघा.