कानाचं ऑपरेशन म्हणालात, आता तेल येणारच

अमेरिकेतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५८. १२ दिवसांपूर्वी त्यांनी फेसलिफ्टची, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून घेण्याची, शस्त्रक्रिया करून घेतली. नवऱ्याला माहीत आहे, मुलीला माहीत आहे. नाशिकहून आलेल्या सासूबाईंना मात्र ‘कानाचं छोटं ऑपरेशन’ एवढंच सांगितलंय. त्यामुळे सासूबाई रोज संध्याकाळी लसूण घालून कढवलेल्या तेलाची वाटी घेऊन हजर. ताईंच्या तक्रारी अशा: कानाच्या पाळ्या बधिर, कानात दडे, मधूनच चमक, आणि रात्री कुशीवर वळायची सोय नाही. शिवाय पाच आठवड्यांनी नाशिकला भाचीचं लग्न.

ताई, आधी ती वाटी स्वयंपाकघरात परत पाठवा. कानाच्या आत तुमचं काहीच कापलेलं नाही, त्यामुळे तेलाने बरं होण्यासारखं तिथे काही नाही. ओघळून ते टाक्यांवर मात्र जाईल. लसणाने कोवळी त्वचा भाजते, आणि बधिर कानाला तेल किती गरम आहे हे कळतच नाही. याच कारणासाठी गरम पाण्याची पिशवी, हेअर ड्रायरचा गरम झोत आणि कानावर थेट ठेवलेला बर्फ, तिन्ही वर्ज्य. पाळी भाजलेली आधी आरशात दिसेल, दुखणं मागाहून.

बधिरपणा कशामुळे? या शस्त्रक्रियेत चीर साधारणपणे कानाच्या पुढून उतरते, पाळीखालून वळसा घेते आणि मागच्या बाजूने केसांत शिरते. त्वचा सुटी करून मागे ओढताना तिच्यातले बारीक संवेदना-तंतू तुटतात. पाळीला संवेदना देणारी मुख्य नस, ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह, मानेच्या स्नायूवरून वर चढते. फेसलिफ्टमध्ये सर्वांत जास्त वेळा दुखावते ती हीच. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येते. येताना मुंग्या, खाज आणि क्षणभराची चमक घेऊन येते. तुमची मधूनच येणारी चमक याच जातीची वाटते. खाजवू मात्र नका, नख लागलं तरी कळणार नाही.

दडे बसण्याचं कारण बहुधा बाहेरच आहे. कानाभोवतीची सूज नळीच्या तोंडाशी दाटते, कधी सुकलेलं रक्त किंवा शॅम्पूचं पाणी आत राहतं. कापसाची काडी घालून कोरू नका. पुढच्या भेटीत सर्जनला कानात डोकावून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. घास चावताना कानापुढे ओढ बसते, कारण जबड्याचा सांधा तिथेच आहे. थोडे दिवस मऊ भात, मेतकूट, तूप. चकल्या मुलीला खाऊ द्या.

झोपेसाठी रिक्लायनर असेल तर तोच पलंग समजा. नसेल तर पाठीवर झोपा, डोकं उंच, पण हनुवटी छातीला टेकेल इतकं नाही. विमानात गळ्याभोवती घालतो ती उशी घातली की झोपेत कूस बदलली जात नाही. चष्म्याची काडी टाक्यांवर टेकत असेल तर सर्जनला विचारून मध्ये गॉजची घडी ठेवा. फोन स्पीकरवर.

औषधांचं जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रत्येक घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांची एक पिशवी असते. तिच्यातल्या कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. सर्जनला विचारल्याशिवाय ती नको. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, आणि सर्जनने दिलेल्या दुखण्याच्या गोळीतही ते बरेचदा असतं. दोन्ही मिळून डोस दुप्पट होऊ देऊ नका. हळदीचं दूध प्या हवं तर. हळदीच्या कॅप्सूल मात्र विचारूनच. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नका.

आता तुमच्या थापेबद्दल. फेसलिफ्ट केलं यात मला काही गैर वाटत नाही, केस आपण सगळेच रंगवतो. पण नवरा ऑफिसला आणि मुलगी कॉलेजला गेली की घरात उरतात सासूबाई, आणि नेमकं त्यांनाच कशाकडे लक्ष ठेवायचं ते माहीत नाही. एकच बाजू एकाएकी सुजून टणक झाली आणि दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साचत असू शकतं. हे बहुतेकदा पहिल्या २४ तासांत होतं, पण नंतर झालं तरी तातडीचंच: सर्जनच्या इमर्जन्सी नंबरवर लगेच फोन, श्वासाला त्रास झाला तर ९११. कानाचा वरचा कडक भाग गरम होऊन सुजला, हात लावताच ठणकला, ताप आला, पू दिसला, तर त्याच दिवशी दाखवायचं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नेहमी लाल दिसत नाही. जांभळट किंवा काळसर दिसते. कानामागची त्वचा काळी पडू लागली, डोळा मिटेना, हसताना तोंड वाकडं होऊ लागलं, तरीही थांबायचं नाही.

सासूबाईंना एवढं तरी सांगा: “आई, ऑपरेशन कानाच्या आत नाही, चेहऱ्याच्या कातडीचं आहे. टाके कानाभोवती आहेत, तिथे तेल चालत नाही.” पुढचं विचारलंच तर खरं सांगून टाका. त्यांना कळलं नसेल असं तुम्हाला वाटतंय. मला नाही वाटत.

लग्नाला तोवर सात आठवडे होतील. सर्जनने हो म्हटलं तर विमानप्रवासाला सहसा अडचण नसते. उतरताना कान बंद होतात ते आतल्या हवेच्या दाबाने, तेव्हा आवंढे गिळत राहा. दागिन्यांचा प्रश्न वेगळा. बधिर पाळीला झुब्याचा भार कळत नाही, आणि नवी जुळलेली पाळी ओढली गेली तर आकार बिघडतो. दाबाचं कानातलं त्याहून वाईट. लहानपणी कान टोचल्यावर गाठ आली होती का? आली असेल तर सर्जनला आत्ताच सांगा, अशा त्वचेवर व्रण जाड होण्याचा धोका जास्त. लग्नात हलक्या कुड्या घाला, त्याही सर्जनला विचारून. बुगडी या वेळी भाचीला द्या.